पिस्तुलाची पकड आणि रिकॉइल: नवीन नेमबाजांसाठी पहिल्यापासून

रेंजवर पहिली दोन-तीन मॅगझिन झाली की नवीन माणूस हमखास विचारतो, हा झटका (म्हणजेच रिकॉइल) कमी कसा करायचा? झटका किती बसणार ते काडतूस आणि पिस्तुलाचं वजन ठरवतं, त्यात आपलं फारसं काही चालत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट असते, झटका बसल्यावर पिस्तूल कुठल्या वाटेने वर जातं आणि परत कुठे येऊन थांबतं. ते दर वेळी सरळ वर जाऊन त्याच जागी परत यायला लागलं की पुढची गोळी पण तिथेच लागते. मी एअर पिस्तुलावरून खऱ्या काडतुसाच्या पिस्तुलाकडे आले, एअर पिस्तुलाला झटका जवळजवळ नसतोच आणि मारायचंही एकाच हाताने असतं, त्यामुळे दोन हातांची पकड मला अगदी शून्यापासून शिकावी लागली. ते सगळं ओळीने लिहितेय म्हणजे तुमचा गोंधळ कमी होईल.

सगळं उजव्या हाताने मारणाऱ्यांच्या हिशोबाने लिहिलंय, डावखुऱ्यांनी उजवा-डावा उलटा करून वाचा.

सुरू करण्याआधी काय काय लागतं

कागदपत्रं देशाप्रमाणे बदलतात, पण साधारणपणे ओळखपत्र, परवाना किंवा रेंजची मेंबरशिप आणि स्वतःचं पिस्तूल असेल तर त्याची कागदं, एवढं सोबत हवंच. स्वतःचं नसेल आणि रेंजचं पिस्तूल वापरणार असाल तर आधी फोन करून विचारून घ्या की कोच सोबत असतो का.

- कानाला प्लग आणि वरून मफ, दोन्ही. ९ मिमी पिस्तुलाचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि १४० च्या वरचा एकच आवाज सुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो. दुसरं कारण म्हणजे माणूस झटक्यापेक्षा जास्त आवाजाला दचकतो. डबल प्रोटेक्शन लावल्यावर अर्ध्या लोकांचं ग्रुपिंग (गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते) तिथल्या तिथे सुधारताना मी बघितलंय.
- शूटिंगचा चष्मा, नंबरचा साधा चष्मा पुरत नाही.
- टोपी आणि बंद गळ्याचा शर्ट. गरम पुंगळी (काडतुसाचं रिकामं कवच) कॉलरमधून आत गेली की माणूस भरलेल्या पिस्तुलासकट नाचायला लागतो आणि पिस्तुलाचं तोंड कुठेही फिरतं.
- डमी म्हणजे न उडणारी खोटी काडतुसं, पाच-सहा तरी. यांच्याशिवाय हा लेख अर्धा वाया जाईल.
- हाताला घाम येत असेल तर लिक्विड चॉक (हात कोरडे ठेवणारी पातळ खडू).
- एक छोटी वही.

आणि चार नियम, जे कुठल्याही रेंजवर पहिल्या दिवशी सांगतात: प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं, ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे तोंड करायचं नाही, साइट (पिस्तुलावरचे नेम धरायचे पुढचे-मागचे उंचवटे) टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि टार्गेट काय आहे नि त्याच्यामागे काय आहे ते माहीत हवं. पकड सुधारायच्या नादात हे विसरायला होतं, कारण सगळं लक्ष हातांकडे असतं, म्हणून परत लिहिलं.

१. झटका म्हणजे नक्की काय होतं ते आधी समजून घ्या

९ मिमीची नेहमीची ११५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, ती सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने पुढे जाते, आणि तेवढाच ढकला उलट्या दिशेने पिस्तुलाला बसतो. पॉइंट २२ ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, वेगही थोडा कमी, म्हणून तिचा झटका नावापुरता. एकच काडतूस अर्ध्या वजनाच्या पिस्तुलातून मारलं तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे "छोटं पिस्तूल शिकायला सोपं" हा समज डोक्यातून काढून टाका. छोटं आणि हलकं पिस्तूल शिकायला सगळ्यात अवघड.

आता बघा, नळी आपल्या हाताच्या वर असते. ढकला नळीच्या रेषेत मागे येतो आणि आपण मात्र खाली धरून असतो, म्हणून पिस्तूल नुसतं मागे न येता तोंड वर करून उसळतं. नळीची रेषा आणि हात यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकी ही उसळी कमी. पुढे पकडीबद्दल जे काही लिहिलंय त्यातलं निम्मं या एका वाक्यातून निघतं.

अजून एक, गोळी नळीतून बाहेर पडायला एक मिलिसेकंद सुद्धा लागत नाही. म्हणजे उसळी तुम्हाला जाणवते तोवर गोळी कधीच निघून गेलेली असते. पहिली गोळी खाली-डावीकडे लागली तर तो दोष रिकॉइलचा नसतो, ट्रिगर दाबायच्या आधी हाताने काहीतरी केलेलं असतं. त्यावर सातव्या पायरीत सविस्तर येतेच.

२. उजवा हात: जितका वर जाईल तितका वर

पिस्तूल रिकामं आहे हे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग हे करा.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला अगदी वरपर्यंत चढवा, जिथे शेपटीसारखा भाग बाहेर आलेला असतो त्याच्या खाली घट्ट. तिथे कातडीला हलकी वळी पडली तर समजा बरोबर जागी आहे. स्लाइडच्या वाटेत मात्र कातडी यायला नको, नाहीतर ती मागे येताना सोलून काढते.

मग मधलं बोट ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कडीला) खालून चिकटवा, मध्ये फट नको. मागून नळीच्या रेषेत बघितलं तर पिस्तूल, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात शक्यतो एका सरळ रेषेत दिसला पाहिजे. ट्रिगरपर्यंत बोट पोचावं म्हणून बरेच जण मूठ थोडी फिरवून धरतात, मग झटका अंगठ्याच्या सांध्यावर बसतो आणि प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल हातात सरकतं. बोट पोचत नसेल तर पिस्तूलच मोठं आहे. काही पिस्तुलांना मुठीची मागची पट्टी बदलता येते, छोटी लावून बघा.

पहिल्यापासून खाली धरलं तर नंतर कितीही जोर लावा, उपयोग होत नाही. पिस्तूल टेबलवरून उचलतानाच हात वर चढलेला हवा, एकदा उचलल्यावर पकड सावरत बसू नका.

३. डावा हात: इथे खरा फरक पडतो

उजव्या हाताने मूठ धरल्यावर मुठीच्या डाव्या बाजूला एक मोकळी जागा उरते, बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये. ती जागा डाव्या तळहाताच्या अंगठ्याकडच्या मांसल भागाने भरायची, पूर्णपणे. मग डाव्या हाताची चार बोटं उजव्या हाताच्या बोटांवरून गुंडाळा, डावी तर्जनी ट्रिगर गार्डच्या खाली वरपर्यंत दाबलेली. डावं मनगट पुढे-खाली झुकलेलं, साधारण ४५ अंशात, जणू अंगठा टार्गेटकडे बोट दाखवतोय. हे सुरुवातीला विचित्र वाटतं, मनगटाला ताण जाणवतो, पण मनगट असं झुकलं की ते वरच्या दिशेला अजून वळू शकत नाही आणि उसळी तिथेच अडते.

हे होऊ देऊ नका:

डावा हात मुठीच्या खाली बशीसारखा धरणं. दिसायला स्थिर वाटतं पण झटका आला की खालचा हात काहीच करत नाही, उजवा हात एकटा पडतो.

डावी तर्जनी ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला अडकवणं. काही गार्डना तिथे खाचाही असतात आणि काही चांगले नेमबाज तसं धरतात, पण नवीन माणूस तसं धरायला लागला की त्या बोटाने तोंड बाजूला ओढतो, आणि वर डाव्या हाताची बाकी पकड ढिली पडते ती वेगळी.

आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे डावा अंगठा उजव्या अंगठ्यावरून मागे आडवा टाकणं. स्लाइड जोरात मागे येते आणि तो अंगठा चिरते. रेंजवर बँडेज लावलेला अंगठा दिसला की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

४. अंगठे

सेमी-ऑटोमॅटिकवर (मॅगझिन आणि स्लाइडवालं पिस्तूल) दोन्ही अंगठे डाव्या बाजूला, पुढच्या दिशेने, एकावर एक. डावा खाली आणि पुढे, उजवा त्याच्यावर टेकलेला. अंगठ्यांनी दाब द्यायचा नाही, ते नुसते पडून राहतात. उजवा अंगठा स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) बसला तर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकणार नाही आणि तुम्हाला वाटेल पिस्तूल बिघडलं. असं झालं तर मेकॅनिकला दाखवायच्या आधी अंगठा बघा.

रिव्हॉल्व्हर असेल तर हे सगळं विसरा! रिव्हॉल्व्हरच्या सिलेंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण जोरात बाजूला फेकले जातात, पुढे काढलेला अंगठा किंवा बोट तिथे आलं तर भाजतं, मोठ्या काडतुसाला तर गंभीर जखम होते. तिथे अंगठे खाली वाकवून, एकावर एक, फटीच्या बऱ्यापैकी मागे.

५. किती जोरात धरायचं

लोक टक्केवारी सांगतात, डावा ६० उजवा ४० वगैरे. आकडा कोणी मोजत नाही, पण दिशा बरोबर आहे: डावा हात जास्त घट्ट, उजवा त्याहून थोडा कमी. कारण ट्रिगरचं बोट उजव्या हाताचं आहे. उजवी मूठ पूर्ण आवळली की ते बोट मोकळं हलत नाही, आणि बोट हललं की सोबत बाकीची बोटं पण आवळतात, मग तोंड खाली-डावीकडे जातं. डाव्या हाताला दुसरं कामच नाही, तो आवळू दे.

उजवा हात हातोडी धरल्यासारखा, निसटणार नाही एवढा घट्ट पण मनगट गोठलेलं नाही. डावा हात आवळत न्या, साइट थरथरायला लागली की किंचित सोडा, ती तुमची पकड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती ट्रिगर दाबायच्या आधी पूर्ण झालेली हवी आणि गोळी सुटल्यानंतरही तशीच राहायला हवी. गोळीच्या क्षणी अजून आवळायचं नाही. पहिल्या गोळीला एक दाब आणि पाचव्या गोळीला दुसरा, असं झालं की पिस्तूल दर वेळी वेगळीकडे परत येतं, आणि हे झालंय हे कळत पण नाही.

अगदीच ढिलं धरलं, मनगट लुळं ठेवलं तर वेगळाच प्रॉब्लेम येतो. स्लाइड मागे जायला मागे काहीतरी घट्ट टेकण लागतं, ते नसेल तर ती पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. हलक्या पिस्तुलांमध्ये हे जास्त होतं.

६. उभं राहणं, कोपर, खांदे

यात फार अडकू नका. पाय खांद्यांएवढे फाकलेले, डावा पाय थोडा पुढे चालेल, गुडघे किंचित मोकळे, आणि वजन चवड्यांवर. नवीन लोक पिस्तुलाला घाबरून मागे कलतात, पाठ वाकवून, आणि मग प्रत्येक गोळीला अजून मागे ढकलले जातात. छाती पायाच्या बोटांच्या थोडी पुढे आली पाहिजे.

कोपरं पूर्ण ताठ कुलूप लावल्यासारखी नकोत, जरा वाकलेली, म्हणजे झटका खांद्यापर्यंत न जाता मध्येच जिरतो. खांदे कानाला चिकटवू नका. डोकं सरळ, पिस्तूल डोळ्यांसमोर आणायचं, डोकं पिस्तुलाकडे न्यायचं नाही.

एक हात ढकलायचा आणि दुसरा ओढायचा अशी जुनी पद्धत आहे, कॅलिफोर्नियाच्या जॅक वीव्हर नावाच्या पोलिसाने ती १९५० च्या दशकात स्पर्धांमध्ये रुळवली. चालते ती, पण नवीन माणसाला दोन्ही हात सारखे पुढे ठेवणं सोपं जातं आणि पिस्तूल सरळ वर उसळतं, म्हणून मी तेच सुचवेन.

७. दचकणं घालवा, खरा शत्रू हा आहे

ज्याला लोक रिकॉइल कंट्रोल होत नाही म्हणतात, त्यातलं बहुतेक हे असतं. मेंदूला माहीत असतं आता धाडकन होणार, म्हणून तो ट्रिगर सुटायच्या किंचित आधी मनगट खाली ढकलतो आणि डोळे मिटतो. गोळी खाली जाते, आणि झटक्याच्या गोंधळात ते ढकलणं दिसतच नाही.

ते दाखवायचा उपाय म्हणजे डमी. मित्राला किंवा कोचला मॅगझिन भरायला द्या, खऱ्या काडतुसांमध्ये एक-दोन डमी कुठेतरी मिसळून, तुम्हाला न सांगता. कोणी नसेल तर दोन-तीन मॅगझिन भरून खिशात मिसळून टाका. डमी आली की टक होतं आणि त्या क्षणी पिस्तूल जर खाली डुबकी मारताना दिसलं तर तो तुमचा दचका. बघून धक्का बसतो, सगळ्यांनाच बसतो. मग स्लाइड ओढून डमी काढा (ओढायच्या आधी थांबायचं, ते खाली लिहिलंय) आणि पुढच्या गोळीला एकच काम: टक असो की धाड, साइट हलताना डोळ्यांनी बघायची. डोळे उघडे राहिले की दचका आपोआप विरायला लागतो, मी तरी यापेक्षा चांगला उपाय बघितला नाही.

दोन गोष्टी सांभाळा. टक झालं म्हणजे डमीच असेल असं नाही, ते काडतूस बाहेर आल्याशिवाय कळत नाही. म्हणून स्लाइड ओढायच्या आधी तोंड टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, काडतूस उशिरा पेट घेऊ शकतं; मग ओढा आणि बाहेर आलेलं डमीच आहे का ते रंगावरून बघा. आणि कधी आवाज फुसका आला, झटका नेहमीपेक्षा हलका वाटला, तर लगेच थांबा, पुढची गोळी अजिबात मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी गेली की नळी फुटते.

पहिल्यांदाच मोठ्या काडतुसाचं पिस्तूल हातात घेताय तर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. झटक्याने पिस्तूल वर गेल्यावर घाबरून मूठ आवळली जाते आणि ट्रिगर परत दाबला जातो, तेव्हा तोंड छताकडे नाहीतर स्वतःकडे असू शकतं. कोणी "पूर्ण भरून दे त्याला" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

८. घरचा सराव

पकड रेंजवर कमी आणि घरी जास्त बनते. रिकाम्या पिस्तुलाने, रोज दहा मिनिटं पुरतात. पण आधी हे: पिस्तूल आणि मॅगझिन दोन्ही तपासा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, तोंड अशा भिंतीकडे की ज्यातून गोळी पार जाणार नाही. सराव संपला की संपला, पिस्तूल लगेच आत ठेवा. पिस्तूल परत भरल्यावर "अजून एकदा बघू" म्हणून ट्रिगर दाबला जातो आणि अपघात होतात.

टेबलवरून उचला, पकड बसवा, साइट डोळ्यांसमोर, ट्रिगर हळू दाबा, साइट हलली का बघा, ठेवा. परत. फ्रंट साइटच्या मागे स्लाइडवर नाणं ठेवून ते न पाडता ट्रिगर दाबायचा सराव जुनाच आहे पण चांगला आहे. पॉइंट २२ च्या काही पिस्तुलांत रिकामं दाबल्याने फायरिंग पिन आणि चेंबरची कड खराब होते, त्यांना डमी घालूनच करा, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

९. रेंजवर काय क्रमाने करायचं

पाच ते सात मीटरवर सुरुवात करा, लांब जायची घाई नको.

पहिल्या काही गोळ्या टार्गेटशिवाय, नुसत्या मागच्या मातीच्या बंधाऱ्यात, आणि फ्रंट साइट कुठे जाते ते बघा. सरळ वर जाऊन सरळ खाली आली तर दोन्ही हात सारखं काम करतायत. तिरकी एका बाजूला जात असेल तर बहुतेक डावा हात ढिला आहे. परत येताना नेमाच्या खाली जाऊन थांबत असेल तर तुम्ही उसळी दाबायला हाताने ढकलताय, ते सोडा, स्लाइड पुढे बंद होताना तोंड आपसूक खाली येतं, त्यात आपण भर घालायची नाही. रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर ही वाट अजून स्वच्छ दिसते.

मग टार्गेट लावा आणि दोन-दोन गोळ्या, मग पाच गोळ्या एका लयीत, सेकंदाला एक. ग्रुप हाताच्या पंजाएवढा राहिला तर लय वाढवा, फाटला तर परत हळू. शेवटच्या गोळीनंतर लगेच हात खाली आणू नका, बोट ट्रिगरबाहेर काढून तसेच थांबा आणि हात बघा: डावा तळहात मुठीवरून सुटलाय का, अंगठा सरकलाय का? सुटला असेल तर कितव्या गोळीला सुटतोय ते शोधा आणि तेवढ्याच गोळ्यांचे संच मारा. वहीत हेच लिहायचं.

टार्गेटचे भाग पाडून "इथे लागली तर ही चूक" सांगणारा तक्ता सगळीकडे फिरत असतो. तो मुळात एका हाताने मारणाऱ्यांसाठी बनलेला आहे, दोन हातांच्या पकडीला तसाच्या तसा लागू करू नका. तुम्ही ऑलिंपिकचे पिस्तूल प्रकार करत असाल तर तिथे एकच हात चालतो, २५ मीटर रॅपिड फायरला पाच गोळ्या ८, ६ आणि ४ सेकंदांत, पॉइंट २२ ने. त्यांना इथलं डाव्या हाताचं काही उपयोगाचं नाही, पण वर धरणं, सारखा दाब आणि दचकणं हे सगळं जसंच्या तसं लागू.

थकल्यावर मारत राहू नका. हात थकला की पकड ढिली होते, दचका परत येतो आणि तोच सवयीत बसतो. पन्नास चांगल्या गोळ्या झाल्या तरी पुष्कळ.

१०. हाताची ताकद आणि सामान

हँड ग्रिपर चांगला, पण नुसती बोटं आवळायचा व्यायाम केला की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, म्हणून रबर बँड बोटांवर घालून बोटं उघडायचा व्यायाम पण जोडीने करा. जड वजन हातात धरून चालणं दोन्हीसाठी उत्तम. कोपर दुखायला लागलं तर काही दिवस सोडा, तसंच रेटलं तर ते महिनोन्महिने पुरतं.

मूठ गुळगुळीत असेल तर ग्रिप टेप लावा, स्वस्त आणि खूप फरक पडतो. कॉम्पेन्सेटर (उसळी कमी करायला नळीच्या तोंडाशी लावतात तो भाग), वेगळी स्प्रिंग, हलका ट्रिगर यांच्या मागे पहिल्या वर्षात लागू नका. स्प्रिंग बदलली की पिस्तूल अडकायला लागू शकतं आणि मग पकड चुकली की स्प्रिंग चुकली तेच कळत नाही. अगदीच काही बदलायचं झालं तर एका वेळी एकच गोष्ट, वहीत तारीख टाकून, आणि आधीच्या अंतरावर त्याच काडतुसाने मारून बघा.